कुलूप उघड्यावर, किल्ली जपून

(संस्थेच्या व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. गणित किंवा संगणकशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. तरीही माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धती हा विषय आम्ही मागून घेतला. आज प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल ही एक लहानशी बँकच झाली आहे. पण तिच्या तिजोरीला कुलूप कोणते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मूळ कल्पना साधी आहे. मजकूर असा बदलायचा की तिऱ्हाइताच्या हाती पडला तरी त्याला कळू नये आणि ज्याच्यासाठी लिहिला त्याला मात्र तो पूर्ववत करता यावा. पहिल्या क्रियेला इन्क्रिप्शन किंवा कूटलेखन म्हणतात, दुसरीला डिक्रिप्शन किंवा उकल. लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलत होतो, तीही याच जातीची. रोमचा सेनानी ज्युलियस सीझर गुप्त पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. आपल्या वर्णमालेत तसे केले तर 'कमल'चे 'घलष' होईल. येथे अक्षरे पुढे सरकविणे ही पद्धत झाली आणि 'तीन' ही किल्ली झाली. पद्धत वेगळी आणि किल्ली वेगळी, हे विद्यार्थ्यांनी मनात पक्के करावे.

सीझरचे कुलूप तकलादू होते, कारण अक्षरे जितकी, जेमतेम तितक्याच किल्ल्या. पुढे अक्षरांची मनाला येईल तशी अदलाबदल होऊ लागली. पण नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल-किंदी यांनी तिचीही उकल लिहून ठेवली. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. सांकेतिक मजकुरातली अक्षरे मोजली की मुखवट्यामागचा चेहरा ओळखू येतो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? याचे उत्तर १८८३ साली ऑग्युस्त केरकॉफ्स या भाषांच्या प्राध्यापकाने दिले. हा गृहस्थ आमच्यासारखाच भाषेचा माणूस, याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्तता केवळ किल्लीत असावी.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा 'एनिग्मा' यंत्रावर फार विश्वास होता. परंतु १९३२ साली मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने त्याची अंतर्गत जोडणी गणिताच्या बळावर शोधून काढली. संदेशाची किल्ली सुरुवातीला दोनदा पाठविण्याचा जो नियम होता, त्यातूनच त्यांना वाट सापडली. पुढे इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग आणि सहकाऱ्यांनी हे काम वाढविले. तेथेही यंत्र चालविणाऱ्यांचा आळस उपयोगी पडला. किल्ली म्हणून कोणी ओळीने येणारी अक्षरे वापरी, कोणी ठरावीक वाक्याने संदेश सुरू करी. यंत्राइतकाच माणूसही कमी पडला.

आता संगणकाच्या काळाकडे वळू. १९७७ साली अमेरिकेने 'डीईएस' ही पद्धत प्रमाण ठरविली. तिच्या किल्ल्यांची संख्या सुमारे ७२० कोटी गुणिले १ कोटी एवढी. ती प्रचंड वाटते. तरीही १९९८ साली खास बनविलेल्या एका यंत्राने एकेक किल्ली लावून पाहत ५६ तासांत नेमकी किल्ली शोधली. तोपर्यंत नव्या पद्धतीसाठी जाहीर स्पर्धा सुरू झालीच होती. पंधरा पद्धती आल्या, त्या सर्व छापून प्रसिद्ध केल्या आणि जगभरच्या गणितज्ञांना सांगितले, फोडून दाखवा! त्या कसोटीतून व्हिन्सेंट राइमन व योआन डामन या बेल्जियमच्या दोघा तरुणांची पद्धत निवडली गेली आणि २००१ साली ती 'एईएस' नावाने प्रमाण झाली. ती कोणालाही वाचता येते आणि आजही जगभर वापरात आहे. विद्या कोंडून ठेवल्याने ती बळकट होत नाही, सर्वांच्या परीक्षेला उतरल्याने होते, हा यातला मोठा धडा आहे.

एक अडचण उरतेच. मुळात किल्ली दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची कशी? १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी त्यावर तोड सुचविली आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी 'आरएसए' पद्धत बसविली. आमच्या शाखेतील चेक टाकण्याची पेटी डोळ्यांपुढे आणा. चेक कोणीही टाकावा. उघडणार मात्र किल्लीवाला. येथे दोन किल्ल्या असतात, एक जाहीर, एक खासगी. मुळाशी शाळेतले गणित आहे. ५३ गुणिले ६१ म्हणजे ३२३३, हे चटकन येते. पण ३२३३ कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, हे शोधायला वेळ लागतो. प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात. २०२० साली संशोधकांनी २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, तेही असंख्य संगणक राबवून.

हे कुलूप कायमचे आहे काय? नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर असे अवयव झपाट्याने पडतील, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखविले. तसा संगणक अजून झालेला नाही. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने त्यालाही दाद न देणाऱ्या तीन नव्या पद्धती जाहीर केल्या.

मित्रहो, कुलपे इतकी भक्कम असताना लोक लुबाडले कसे जातात? आयुष्यभराची पुंजी गमावून खिडकीशी आलेली माणसे आम्ही पाहतो. त्यांच्या बाबतीत चोराने गणित सोडविलेले नसते. त्याने फोन करून किल्ली मागितलेली असते आणि ती मिळालेली असते. कूटलेखन वाटेवर राखण करते. पण ओटीपी आपणच सांगितला तर ते काय करणार? म्हणून एवढे पाळा. पिन व ओटीपी कोणालाही सांगू नका, स्वतःला बँकेचा माणूस म्हणविणाऱ्यालाही नाही. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो मागितला की पैसे जाणार असे समजा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँक गाठा.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. मूळ संख्यांचा धडा परीक्षेपुरता वाचू नका. या कुलपांची रचना कोणापासूनही लपविलेली नाही. ती समजून घेणारी, तपासणारी आणि उद्या नवी घडविणारी मुले-मुली आपल्या वस्तीतूनही निघाली पाहिजेत. तोवर घरातल्या आजी-आजोबांना पिन जपायला शिकविणे, एवढे काम तुम्ही आज घरी गेल्याबरोबर करू शकता.