गाडी कोणासाठीं थांबते?



डहाणू तालुक्यांतील सायवन हें वारली वस्तीचें गांव कासा व उधवा यांना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे. तेथील माणसाला बाहेर जावयाचें तर एस. टी. किंवा माणशीं भाडें घेणारी जीप पाहावी लागते. एस. टी. वेळापत्रकाला बांधलेली, जीप भरली म्हणजे सुटते. मुंबईकराला मात्र तिसरा मार्ग आहे. तो मोबाइलवरून टॅक्सी बोलावितो, आणि गर्दी वाढली कीं तिचें भाडेंही वाढतें. उतारू व वाहन यांचा मेळ घालण्याच्या या तीन रीती. प्रत्येक रीतींत कोणाला तरी किंमत मोजावी लागते; ती कोणाला, एवढेंच आज पाहूं.

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. वेळापत्रकाचा गुण असा कीं, उतारू दोन असोत वा पन्नास, गाडी सुटते. रिकाम्या आसनांचा भार महामंडळ सोसतें. जीपवाल्यास तो सोसवत नाहीं. म्हणून तो थांबतो आणि त्याच्याबरोबर उतारूही थांबतो. भाडें सर्वांना सारखेंच. पण जो पहिल्यानें येऊन बसला, त्यानें आपल्या वेळेच्या रूपानें सर्वांत अधिक दिलेलें असतें.

शहरांतील टॅक्सीचें गणित निराळें आहे. मुंबईंत ओला ही कंपनी २०१० सालीं निघाली. उबर २०१३ मध्यें भारतांत आली. समजा, दहा गाड्या आहेत आणि प्रत्येक फेरी वीस मिनिटांची आहे. गाडी उतारूपाशीं तीन मिनिटांत पोंचली, तर तासाला सुमारें २६ फेऱ्या होतात. पावसाळी सायंकाळीं मोकळ्या गाड्या संपल्या म्हणजे दूरची गाडी धाडावी लागते. तिला पोंचावयास पंधरा मिनिटें लागलीं, कीं त्याच दहा गाड्यांच्या फेऱ्या सतरांवर येतात. म्हणजे गरज सर्वांत अधिक, त्याच वेळीं गाड्यांचें काम सर्वांत कमी! भाडें वाढविलें असतां कांहीं उतारू थांबतात, कांहीं चालक घराबाहेर पडतात आणि जवळपास मोकळी गाडी उरते. न्यूयॉर्क येथें १ जानेवारी २०१५ च्या पहांटेपूर्वीं ही भाडेवाढीची यंत्रणा २६ मिनिटें बंद पडली, तेव्हां मागणी करणाऱ्यांपैकीं बहुतेकांस गाडी मिळाली नाहीं.

तथापि चढें भाडें गरज मोजीत नाहीं, खिसा मोजतें. नाटकास निघालेला श्रीमंत आणि दवाखान्यास निघालेला गरीब यांतील भेद त्याला कळत नाहीं. म्हणूनच केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीं या वाढीला मर्यादा घातली: २०२० मध्यें मूळ भाड्याच्या दीडपट, २०२५ मध्यें दुप्पट.

मग हीच युक्ति सायवनला कां लागू करूं नये? कारण भाडें चढवून असलेल्या गाड्या हलवितां येतात, नसलेल्या निर्माण करतां येत नाहींत. जेथें आसपास मोकळी गाडी नाहीं आणि देणाऱ्याच्या हातीं पैसाही नाहीं, तेथें वाढलेला दर म्हणजे केवळ नकार होय. रात्रीं प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या बाईला कासा येथील रुग्णालयांत नेणें, हा बाजाराचा व्यवहार नव्हे. २०१४ पासून राज्यांत चालणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठींच आहे. ती वेळेवर पोंचणें हाच तिचा हिशेब.

रोजच्या प्रवासासाठींही एक सोपा उपाय सुचतो. दिवसांतील दोन-तीन ठराविक वेळीं जीप भरो न भरो, सुटावी. आणि रिकाम्या आसनांचें भाडें सार्वजनिक निधींतून भरून द्यावें. असें झालें तर जीपवाल्याचें नुकसान होणार नाहीं, आणि पहिल्या उतारूची सकाळ फुकट जाणार नाहीं.

शहरांत आपण भाडें किती झालें हें विचारतों. त्याबरोबर कोण मागें राहिला, हेंही विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.