वसंतातील बर्फाची राखण

स्वित्झर्लंडमधील दावोस हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर उंचीवर वसलेले आहे. मार्च संपत आला, की तेथील डोंगरउतारांवर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन निरनिराळे व्यवहार चालू लागतात. दिवसा स्कीच्या फळ्या पायांस बांधून घसरणारे हौशी पाहुणे. आणि ते परतले, की दिवे लावून वर चढणारी, रणगाड्यासारखे पट्टे असलेली अवजड यंत्रे. पाहुण्यांच्या आनंदाची सारी भिस्त या दुसऱ्या व्यवहारावर असते, आणि त्या व्यवहाराचे भांडवल म्हणजे रात्रीची थंडी. जानेवारीत ती उदंड असते. वसंतात मात्र तिचा प्रत्येक तास मोलाचा ठरतो.

उष्ण प्रदेशात राहणाऱ्यास बर्फ हा एकच एक पदार्थ वाटतो. वस्तुतः नुकत्याच पडलेल्या भुरभुरीत हिमाचे वजन घनमीटरला शंभर किलोग्रॅमहूनही कमी भरते, तर वसंतातील ओल्या हिमाचे चारशे-पाचशेपर्यंत जाते. दिवसाच्या उन्हाने वरचा थर पाझरतो, ते पाणी कणाकणांमध्ये शिरते, आणि कण वाटोळे व जाड होत जाऊन भरड मिठासारखे दिसू लागतात. रात्री तेच पाणी गोठून त्या कणांना एकत्र सांधते. म्हणून सकाळी उतार फरशीसारखा कठीण असतो. ऊन चढू लागले, की वरचा बोटभर थर मऊ होतो, आणि स्की खेळणारे ज्याची वाट पाहत असतात तो घटका-दोन घटकांचा सुखाचा काळ येतो. दुपारनंतर त्याच जागी पाय रुतणारा चिखल होतो.

रात्री गोठण होईल की नाही, हे एकट्या तापमापकावरून सांगता येत नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर हवेचे तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात टाकून गोठतो. उलट ढगांचे पांघरूण पडले, की ती उष्णता अडून राहते आणि सकाळी उतार कालच्यासारखाच लिबलिबीत सापडतो. त्यामुळे उतारांची व्यवस्था पाहणारा जाणता मनुष्य संध्याकाळी आधी आकाशाकडे पाहतो.

यंत्र केव्हा फिरवावे, यातच त्याचे खरे कौशल्य आहे. अंगण सारवल्यावर ते वाळेपर्यंत त्यावर कोणी पाऊल टाकू नये, असा गृहिणीचा दंडक असतो, येथेही तसेच. यंत्राच्या मागील फिरते दाते दिवसभरात पडलेले चर मोडतात, ढेकळे फोडतात आणि मागची फणी पृष्ठभाग दाबून सारखा करते. मग त्याला गोठण्यासाठी काही तास निवांत मिळाले पाहिजेत. बर्फातून पाणी पाझरत असतानाच यंत्र घातले, तर सगळा गाळ होतो. फार उशीर केला, तर गोठलेला थर फुटून त्याचे दगडासारखे गोळे सकाळी स्कीखाली येतात. हल्ली यंत्रचालकास उपग्रहांच्या साहाय्याने आपल्याखाली किती जाडीचा बर्फ आहे हे कळते, आणि भरल्या जागेचा बर्फ तो उघड्या पडू लागलेल्या जागी लोटतो. ही तत्परता आवश्यकच आहे. नवे हिम सूर्यप्रकाशाचा चार-पंचमांशांहून अधिक भाग परतवते, जुने मळके हिम जेमतेम निम्मा. आणि एखादा काळा खडक वर आला, की तो तापून भोवतालचा बर्फही खाऊ लागतो.

शर्यतींच्या वेळी उतारावर चक्क मीठ टाकतात. आइस्क्रीमच्या भांड्याभोवती मीठ-बर्फ घालणाऱ्यांना यातील मर्म सहज कळेल. मिठाने थोडा बर्फ वितळतो, त्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या बर्फातून ओढली जाते, आणि खालचा ओला थर घट्ट होतो. मात्र हे काही तासांचे उसने बळ आहे.

सर्वांत अवघड निर्णय दुपारचा. दावोसच्या वर, वाइसफ्लुयोख येथे सुमारे २५४० मीटर उंचीवर १९३६ पासून हिमाची मोजणी चालत आली आहे. हिमस्खलनांच्या अभ्यासाची संस्था १९४२ मध्ये स्थापन झाली. वितळलेले पाणी खालच्या थराच्या सांध्यापर्यंत पोहोचले, की वरचा सगळा भार निसटू शकतो. कोरडे हिम सुरुंग लावून आधीच पाडता येते. ओले हिम त्या उपायास तितकेसे दाद देत नाही. तेव्हा उतार वेळेवर बंद करणे हाच भरवशाचा उपाय उरतो. ऊन सुंदर पडलेले, पाहुण्यांनी दिवसभराचे पैसे मोजलेले, वरून पाहता डोंगर शांत. अशा वेळी दोरी आडवी बांधणाऱ्यास बोलणी खावी लागतात. ती त्याने खाल्लेलीच बरी. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी मार्च १८९४ मध्ये दावोसहून डोंगर ओलांडून स्कीवरून आरोसा गाठले, तेव्हा तेही पहाटेच निघाले होते.

इतके करूनही एप्रिलनंतर उतार हिरवे होतातच. परंतु दावोसकरांनी थोडा बर्फ उन्हाळ्यापलीकडे नेण्याचीही युक्ती साधली आहे. हिवाळ्यात यंत्राने तयार केलेल्या बर्फाचा मोठा ढीग वसंतात सुमारे चाळीस सेंटिमीटर जाडीच्या लाकडी भुशाखाली झाकून ठेवतात. भुसा ऊन अडवतो, आणि त्यात मुरलेले पाणी माठाच्या पाण्यासारखे वाफ होत ढिगास गार ठेवते. एकोणिसाव्या शतकात बोस्टनचा बर्फ जहाजाने मुंबईस येई, तोही भुशातच. दावोसच्या ढिगाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शरद ऋतूपर्यंत टिकतो. ऑक्टोबरच्या अखेरीस भुसा बाजूला सारला जातो आणि मालमोटारींतून तो बर्फ आणून तपकिरी कुरणातून एक अरुंद पांढरी वाट अंथरली जाते.