भुईतले पाणी मोजून घ्या



आपल्या वस्तीला पाणी पुरत नाही, म्हणून आज आपण जमलो आहोत. कोणी म्हणतो, नवा बोअर घ्या. कोणी म्हणतो, टाकी मोठी बांधा. दोन्ही करावे लागेलही. पण वर्गणी गोळा करण्याआधी थोडे ऐका.

आपल्यातल्या पुष्कळांनी पाणचक्की पाहिली आहे. पण तिथले पाणी कुठून आणले, हे कितीजणांनी विचारले?

मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर. लहानपणी हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याने 1610 साली खडकी गावी शहर वसवले. तेच आजचे आपले छत्रपती संभाजीनगर. शहर वाढणार, मग पाणी लागणार. 1617 च्या सुमारास त्याने नहर-ए-अंबरी खोदवला. नहर म्हणजे जमिनीखालून नेलेला पाट. डोंगराच्या पायथ्याशी पावसाचे पाणी जमिनीत मुरते. ते झिरपून नहरात उतरायचे आणि उताराने आपोआप शहरात यायचे. ना मोट, ना पंप! मधे मधे वरून तोंडे ठेवलेली होती. त्यांतून माणूस आत उतरे आणि गाळ काढी. पुढे वस्ती वाढली, तसे आणखी नहर झाले. पाणचक्कीचे पाणी अशाच एका नहराचे.

मग ते नहर आज शहराला पाणी का देत नाहीत? त्यांच्यावर घरे आणि रस्ते झाले. कुठे ते फुटले, कुठे गाळाने बुजले. आता शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, पन्नासेक किलोमीटरवरून, पंपांनी चढवून आणावे लागते. आपल्या टोकाला ते अजून पोचलेले नाही. तोवर आपला आधार भुईतल्या पाण्याचाच.

आपल्या पायाखाली काय आहे? वर माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. पाणी धरतो तो मुरूम. पाषाणात पाणी असते ते फक्त फटींत. फट लागली तर पाणी लागते. नाही लागली, तर तीनशे फूट गेले तरी धूळच निघते. मागे आपण जुन्या बोअरच्या शेजारीच दुसरा घेतला. काय झाले? दोन्ही एकाच फटीतले पाणी ओढू लागले. दोघांचेही अर्धे झाले. चूक आपलीच.

आता हिशेब करू. समजा, वस्तीत 100 घरे आहेत आणि घरटी 5 माणसे. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. म्हणजे 27,500 लिटर झाले. आता पंपाखाली 200 लिटरचे पिंप ठेवा आणि घड्याळ बघा. 4 मिनिटांत भरले, तर तासाला 3,000 लिटर. नऊ तासांहून थोडा जास्त पंप चालवावा लागेल. पण वैशाखात त्याच पिंपाला 8 मिनिटे लागली तर? मग अठरा तासांहून जास्त. तेवढी वीज कुठली? आणि घरे 150 झाली, तर रोज 41,250 लिटर लागतील.

म्हणून मार्गशीर्षातले पाणी बघून बेत करू नका. वैशाखातले बघा. विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा आणि कोरडी दोरी किती ते महिन्याच्या महिन्याला वहीत लिहा. आमच्या बायकांना हे सांगायला नको. दोर कोणत्या महिन्यात जास्त लांब लागतो, हे त्यांना आमच्याहून आधी कळते. समितीत त्यांनाच बसवा.

टाकीबद्दल एकच सांगतो. टाकी पाणी साठवते, वाढवत नाही. रात्री वीज असताना ती भरून ठेवता येते, सकाळी नळावर भांडण होत नाही, एवढा फायदा खरा आहे. पण भुईत पाणी वाढवायचे, तर नाल्यात बांध घालून पावसाचे पाणी मुरवावे लागेल. शोषखड्डे आणि संडासाचे खड्डे विहिरीपासून लांब हवेत. नाहीतर तेही पाणी झिरपत विहिरीत येते.

नवा बोअर कुठे घ्यायचा, हे पायाळू माणसाला विचारू नका. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. आपली वही घेऊन तिच्या कचेरीत जाऊ.

उद्या सकाळी सहाला पंपापाशी या. पिंप मी आणतो. घड्याळ कोणाकडे चांगले आहे?