खाडीकाठच्या मुलांसाठी एक वाट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



इंजिनीअरिंग, बँक, पोर्टमधल्या नोकऱ्या यांवर इथे बरंच बोलून झालं. मी आपल्या मुलांना सहसा कुणी न दाखवलेल्या वाटेबद्दल बोलणार आहे : निसर्गाचं संशोधन आणि संग्रहालयातलं काम.

संग्रहालय म्हटलं की काचेमागचा वाघ आठवतो. खरं काम त्या कपाटांच्या मागे चालतं. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पक्षी, प्राणी, कीटक यांचे लाखाहून अधिक नमुने जपलेले आहेत. नमुन्यासोबत चिठ्ठी असते : कुठे मिळाला, कधी, कुणी आणला. चिठ्ठी नसेल तर तो नुसता शोभेचा. असेल तर शंभर वर्षांनीही कळतं, की हा जीव त्या गावात तेव्हा होता. हे जपायला, ओळखायला, नोंदवायला, लोकांना समजावून सांगायला माणसं लागतात.

डॉ. सालिम अली १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते झाले. पुढे जर्मनीत शिकून परतले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. मग ते आपल्याच जिल्ह्यात, किहीमला येऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर रोज नजर ठेवली. नर अर्धवट घरटं बांधतो, मादीला पसंत पडलं की पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवून दिलं. सुगरणी आपल्याही बांधावर होत्या. आपण पाहिल्या, पण लिहून ठेवलं नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आपल्या आगरी, कोळी, कातकरी घरांतली मुलं निवटीचं बीळ लांबून ओळखतात, पोटाची झाकणी बघून चिंबोरी नर की मादी सांगतात, जिताडा कुठल्या भरतीला येतो ते आजोबांकडून शिकलेली असतात. पण परीक्षेत हे विचारत नाहीत, म्हणून त्यांना वाटतं हे ज्ञानच नव्हे. मुलाखतीत इंग्रजी अडलं की ती गप्प बसतात.

दुसरी अडचण पैशाची. माझ्या एका विद्यार्थ्याला उन्हाळ्यात दोन महिने पक्षिगणनेचं काम मिळत होतं, विनामोबदला. घरी पगाराची गरज होती. तो कंटेनर यार्डात लागला. त्याच्याइतका तल्लख डोळा मी वर्गात पुन्हा पाहिला नाही. फुकट काम करणं ज्यांना परवडतं, तीच मुलं या क्षेत्रात टिकतात.

मंडळी, जमिनीसाठी १९८४ साली आपल्या लोकांनी गोळ्या झेलल्या. दि. बा. पाटील साहेबांच्या या गावाला हे मी काय सांगू! जमिनीचा हिशेब आपण मागितला. खाडीचा हिशेब कोण ठेवणार? खाजणं बुजली, मिठागरं गेली. पाणथळीवर रोहित पक्षी अजून उतरतात, पण खाडीची नावं जाणणारी आपली म्हातारी माणसं एकेक करून जात आहेत.

म्हणून तीन गोष्टी मागतो. शाळेत एक नोंदवही ठेवू : तारीख, जागा, जीवाचं आपल्या बोलीतलं नाव, सांगणाऱ्याचं नाव. जिवंत प्राणी पकडायचे नाहीत, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. फोटो आणि नोंद पुरे. दुसरं, कॉलेजात गेलेल्या आपल्या मुलामुलींना दरवर्षी संग्रहालयात नेऊ, आणि कपाटामागचं काम दाखवायची तिथल्या अभ्यासकांना विनंती करू. अटल सेतू झाला, उरणची लोकल झाली, मुंबई आता लांब नाही. तिसरं, माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून दर उन्हाळ्यात निदान दोघांना प्रवासखर्च, जेवण आणि घरी देता येईल एवढं विद्यावेतन देऊ.

पहिल्या दोघांचा पहिल्या वर्षाचा प्रवासखर्च मी देतो. बाकीचं तुम्ही बघा.