नवऱ्याची सही कशाला?
(सुरक्षारक्षक स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



आमच्या केंद्रात एक परित्यक्ता बाई आली. तिला सुरक्षारक्षक व्हायचं होतं. प्रशिक्षण संस्थेनं प्रवेश-अर्जावर नवऱ्याची सही मागितली आणि दहावीचा मूळ दाखला ठेवून घेतला. आठ वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही, त्याची परवानगी!

खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा काय मागतो? भारतीय नागरिकत्व, वय १८ ते ६५, चारित्र्याची पडताळणी, शारीरिक पात्रता आणि प्रशिक्षण. नवऱ्याचा त्यात उल्लेखही नाही.

केंद्राच्या नमुना नियमांत प्रशिक्षण १६० तासांचं आहे : १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष कामावर, किमान २० दिवसांत. संस्था रोज आठ तास बसवतात. धुणीभांडी करणारीनं वीस दिवसांची कामं सोडायची कशी? नियम ‘किमान’ म्हणतो. मग रोज चार तास, चाळीस दिवस का नको?

आणि कवायतीच्या निमित्तानं कुणी अंगाला हात लावला तर? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा व्यवसाय-शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांत, लेखी द्या.

आम्ही चौघी त्या संस्थेत जाऊन बसलो. दाखला परत मिळाला, तिला प्रवेशही मिळाला. अर्जावरचा सहीचा रकाना मात्र तसाच आहे. आपापल्या गावातल्या संस्थांचे अर्ज जमवा, बहिणींनो. तो रकाना सगळ्यांनी मिळून खोडायचा आहे.