भोंडल्यास प्रथमच येणाऱ्यांसाठी

मुंबईस वाढलेल्या आपल्या मुली आश्विनात मुळशीकडे येतात. परंतु भोंडल्याची गाणी ठाऊक नाहीत म्हणून ओसरीवरच उभ्या राहतात. त्यांस आम्ही सांगतो, गाणी पाठ असण्याची आवश्यकता नाही. पाटावरील हत्तीभोवती हात धरून फेर धरावा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असा क्रम असल्याने ती आपोआप मुखी बसतात. खिरापत मात्र, वासावरून कळली तरी, एकदम ओळखू नये. घरधनिणीचा विरस होतो! आणि घरधनिणीनेही नवख्या मुलीस हाताला धरून फेरात न्यावे. त्याच ओसरीवर आपल्या विधवा भगिनीही बसलेल्या असतात. त्यांसही न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.