गिरणीच्या दारातून नगरपालिकेत : ठाकूर प्यारेलाल सिंह यांचे नगराध्यक्षपद



नगराध्यक्षाची किंवा महापौराची थोरवी त्याच्या नावाच्या कोनशिला मोजून ठरवण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे. कामगारवर्गाने मात्र तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्या माणसाला ही सत्ता कोणाच्या बळावर मिळाली? त्याने ती कोणासाठी वापरली? आणि ती कोठे येऊन अडली? भिलाईच्या एका बाजूला राजनांदगाव आणि दुसऱ्या बाजूला रायपूर आहे. या दोन शहरांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या कार्याला हे प्रश्न लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

संपातून उभे राहिलेले नेतृत्व

प्यारेलाल सिंह यांचा जन्म १८९१ साली राजनांदगावजवळच्या दैहान या खेड्यात झाला. त्यांचे काही शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात झाले. पुढे कायद्याची परीक्षा देऊन ते वकील झाले. राजनांदगाव हे त्या काळी एक लहानसे संस्थान होते. परंतु तेथे बंगाल नागपूर कॉटन मिल्स ही मोठी कापडगिरणी होती. गिरणीत कामगारांना दिवसाला बारा-तेरा तास राबावे लागे. १९२० साली या कामगारांनी प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि तो पाच आठवड्यांवर चालवला. आयटकची स्थापनाही त्याच वर्षाच्या अखेरीची. म्हणजे देशातील कामगार चळवळ नुकती आपले पहिले अखिल भारतीय व्यासपीठ उभारत असताना, छत्तीसगढच्या एका संस्थानी गावातील कामगार कामाचे तास कमी करून घेण्याची लढाई जिंकत होते.

या विजयाची किंमत त्यांच्या नेत्याला मोजावी लागली. १९२४ मध्ये गिरणीत पुन्हा संघर्ष पेटला, तेव्हा प्यारेलाल सिंह यांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले आणि रायपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३२ मध्ये शिक्षेबरोबर त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आली व वकिलीची सनदही रद्द झाली. उपजीविकेचे साधन सरकारने हिरावून घेतले, तरी हा माणूस वाकला नाही. रायपूरच्या जनतेने पुढे जो विश्वास टाकला, त्याचे मूळ येथे आहे.

नगरपालिकेचा कारभार

रायपूरला त्या वेळी महापालिका नव्हती, नगरपालिका होती. १९३७ साली प्यारेलाल सिंह तिचे अध्यक्ष झाले आणि पुढेही या पदावर निवडून आले. एकूण तीन वेळा. त्यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळा निघाल्या, मुलींसाठी वेगळ्या शाळा सुरू झाल्या, नवे दवाखाने उघडले, विहिरी खोदल्या गेल्या आणि रस्त्यांवर डांबर पडले. १९३८ साली रायपुरात छत्तीसगढ कॉलेज स्थापन झाले, त्या प्रयत्नातही ते अग्रभागी होते.

ही यादी आज साधी वाटेल. परंतु ज्याच्या अंगणात स्वतःची विहीर आहे त्याला सार्वजनिक विहिरीची गरज नसते. ज्याच्या घरी वैद्य येतो त्याला पालिकेचा दवाखाना लागत नाही. शाळा, दवाखाना आणि पाणी यांवर खर्च होणारा पालिकेचा प्रत्येक रुपया कष्टकऱ्याच्या वेतनात न दिसणारी भर घालतो. गिरणीच्या दारात वेतनासाठी लढलेल्या नेत्याने पालिकेत बसून ही भर घातली, हे त्यांच्या कारभाराचे मर्म होय.

सत्तेच्या मर्यादा

तथापि नगरपालिकेची सत्ता म्हणजे राज्यसत्ता नव्हे. ब्रिटिश अमलात पालिकेचा मताधिकार मालमत्ता व कर यांच्याशी जखडलेला होता. सर्वांत गरीब माणूस मतदारयादीबाहेरच राही. पालिकेचे उत्पन्न तुटपुंजे होते आणि तिच्या डोक्यावर प्रांतिक सरकारचा अंकुश होता. विणकराला सूत कोणत्या भावाने मिळावे, हे नगराध्यक्षाच्या हाती नव्हते. म्हणूनच १९४५ मध्ये प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ बुनकर सहकारी संघ स्थापन झाला. पालिकेच्या कक्षेबाहेरचा प्रश्न सोडवण्यासाठी त्यांना पुन्हा कष्टकऱ्यांच्या संघटनेकडेच वळावे लागले.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी काँग्रेस सोडली. ते किसान मजदूर प्रजा पक्षात गेले आणि १९५२ मध्ये नागपूरच्या विधानसभेत विरोधी पक्षाचे नेते झाले. पुढे त्यांनी भूदानाला वाहून घेतले आणि त्याच पदयात्रेत २० ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांचा अंत झाला. ते कम्युनिस्ट नव्हते. जमीनदाराच्या दानाने जमिनीचा प्रश्न सुटेल ही त्यांची श्रद्धा इतिहासाने खरी ठरवली नाही. हे स्पष्टपणे सांगूनही त्यांचा वारसा आपला आहे, हे म्हटलेच पाहिजे.

भिलाईचा प्रश्न

त्यांच्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९५५ मध्ये, भारत-सोव्हिएत करार झाला. १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. सार्वजनिक क्षेत्राने येथे कामगारांसाठी घरे, शाळा आणि इस्पितळ उभारले. ही मोठीच कमाई होती. परंतु या सोयी कायम कामगाराला कारखान्याच्या नोकरीबरोबर मिळाल्या, नागरिकत्वाचा हक्क म्हणून नव्हेत. वसाहतीबाहेर छावणी, कॅम्प, खुर्सीपार अशा वस्त्या वाढल्या. तेथील कंत्राटी मजूर त्याच पोलादाच्या जिवावर जगत होता; मात्र वसाहतीच्या नळावर त्याचा हक्क नव्हता. महापालिका भिलाईला मिळाली ती १९९८ साली. पहिल्या झोतभट्टीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, दर पाच वर्षांनी निवडणूक आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा अनिवार्य केल्या. त्याच दुरुस्तीत मात्र एक पळवाटही आहे. जेथे एखादा कारखाना नागरी सेवा पुरवतो, तेथे राज्यपाल त्या क्षेत्राला औद्योगिक नगरी ठरवून नगरपालिका न स्थापण्याची मुभा देऊ शकतात. ज्या शहरात मालकच पाणी देतो, तेथे नोकरी गेली की पाणीही जाते. निर्वाचित संस्थेकडे मात्र बेकार झालेला कामगारही ताठ मानेने पाणी मागू शकतो.

म्हणून औद्योगिक शहरांतील आपल्या सभासदांनी वॉर्डातील पाणी, शाळा व दवाखाना हे प्रश्न युनियनच्या मागणीपत्राइतकेच गंभीरपणे हाती घेतले पाहिजेत. प्यारेलाल सिंह यांना रायपूरच्या खुर्चीपर्यंत नेणारा रस्ता राजनांदगावच्या गिरणीच्या दारातून निघाला होता. जो कार्यकर्ता खुर्चीवर बसल्यावर ते दार विसरेल, त्याच्या हाती कोनशिला तेवढ्या उरतील.